अर्धा शीण

केतकी बारशाला आली आणि बघतच राहिली. ताईला पाळण्याला धरूनही धड उभं राहवत नव्हतं, आणि निनादभाऊजी मात्र एकदम टवटवीत! दवाखान्यातून दोघांना मनगटी पट्ट्यांची जोडी दिली होती ना, बाळंतिणीचा अर्धा शीण नवऱ्याच्या अंगात जावा म्हणून? मग भाऊजींचा पट्टा कुठाय? तिनं विचारलंच.

"तो पाळण्याला बांधलाय," ताईच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "काळा आहे, बाळाला दृष्ट लागत नाही."

"आणि मला ऑफिस असतं गं," भाऊजी हसले.

"मग ताई काय सुट्टीवर आहे?" केतकीनं पट्टा सोडला आणि सगळ्यांदेखत भाऊजींच्या मनगटावर आवळला.

भाऊजी मटकन खालीच बसले. "अगं... हे अर्धंच आहे?"

"अर्धंच," ताई म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा तिनं पाळणा सोडला.