डाव्या बाजूची कविता

दरबारातल्या काव्यस्पर्धेत डावी आणि उजवी अशा दोन बाजू समोरासमोर होत्या. वाचकाने डाव्या बाजूची कविता दुसऱ्यांदा आळवून म्हटली, तेव्हा पंचाच्या आसनावर बसलेल्या मोरिहिदेने पंखा चेहऱ्यापुढे धरला. कविता महामंत्र्यांच्या मुलाच्या, कानेसातोच्या नावावर होती. लिहिली होती मोरिहिदेने. महामंत्र्यांच्या घरातल्या सगळ्यांच्याच कविता तो वर्षानुवर्षं लिहून देई. या खेपेला बदल्यात वाकासा प्रांताची सुभेदारी ठरली होती.

विषय होता हरणाची साद.

पानगळ झाली,
दूर हरीण साद घाली;
डोंगराआड
कुणासाठी रडे ते?
भिजली माझीही बाही.

"वाहवा!" दरबारी डोलले.

मग उजव्या बाजूची कविता. ती म्योएत्सु नावाच्या म्हाताऱ्या भिक्षुणीची. डोंगरात एकटीच राहायची. महामंत्र्यांच्या मुलासमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून तिला बोलावलेलं.

पीक खातं म्हणून
रोज हाकललं ज्याला,
ते हरीण आज
ओरडलंच नाही रानात;
मला झोप कशी लागावी?

कुणी डोललं नाही. मोरिहिदेने पंखा खाली ठेवला. शेवटची ओळ त्याने मनाशी पुन्हा म्हटली, आणि आपल्या त्या भिजलेल्या बाहीची त्याला लाज वाटली.

"उजवी बाजू जिंकली."

महामंत्री हसले. "वारा सुटलाय मोरिहिदे, नीट ऐकू आलं नसेल. बरोबरी म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही सरकार. उजवी."

"वय झालं की आधी कान जातात," मागून कुणीतरी पुटपुटलं. खसखस पिकली.

"वाकासाची नेमणूक अजून कागदावर उतरलेली नाही, बरं का," महामंत्री सावकाश म्हणाले.

"ठाऊक आहे, सरकार."

कानेसातो तडकलाच. "अहो, पण ही कविता तर तुम्हीच—"

त्याने जीभ चावली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. 'बरोबरी' म्हणून सावरून घ्यायला अजूनही वाव होता. मोरिहिदे ताठ बसला.

"हो, मीच लिहिलीय. म्हणून तर छातीठोक सांगतो. हे लिहिणाऱ्याने हरीण फक्त पडद्यावर रंगवलेलं पाहिलंय. या बाईंनी त्याच्यामागे धोंडा घेऊन धाव घेतलीय."

महामंत्री उठले. त्यांच्यामागोमाग रेशमी झग्यांची सळसळ दाराबाहेर निघून गेली.

भिक्षुणी तेवढी बसून राहिली. "दुसऱ्या दिवशी आलं हो ते मेलं," ती म्हणाली. "सगळे मुळे खाऊन गेलं."

मोरिहिदे मोकळेपणी हसला.

कोपऱ्यातल्या लेखनिकाच्या कुंचल्यावरची शाई वाळत चालली होती. "साहेब," तो चाचरत म्हणाला, "डाव्या बाजूला नाव कुणाचं घालू?"

"माझं," मोरिहिदे म्हणाला. "आणि पुढे ठसठशीत अक्षरात लिहा: हरला."