परातीतला रंग

"खाला, हिरव्या बांगड्या भरताना तुम्ही डोळे का मिटता?"

वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी अव्वा-आप्पांसमोरच विचारून टाकलं. आम्ही उदगीरच्या पोरी, भितो थोडंच!

हमीदाबी मणेरीण हसली नाही. "लाल, पिवळ्या कितीबी बघून भरते, बेटी. हिरव्या न्हाई. हात ढिल्ला सोड."

लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या कचेरीत चिकटलेला मुलगा मला पसंत करून गेला होता. दुष्काळानं सगळं शिवार करपलेलं. हिरवा तो सवाष्णीचा रंग. माझं मनगट हिरवं होताना बघूनच अव्वाचा जीव निवत होता.

हात ओला करायला परातीत टँकरचं थोडंसं पाणी घेतलं होतं. मी सहज वाकून पाहिलं.

पाण्यात दिसणाऱ्या माझ्या हातात बांगड्या पांढऱ्या होत्या. हाडासारख्या.

मी मनगट फिरवलं. हातात हिरव्या, पाण्यात पांढऱ्या. अव्वाचा हात ओढून शेजारी धरला. तिच्या बांगड्या पाण्यातही हिरव्यागार.

"काय खुलतोय गं रंग!" अव्वा म्हणाली.

"खाला, डोळे उघडा ना," मी कसंबसं म्हणाले.

तिनं ते आणखी घट्ट मिटले आणि चाचपडत पुढची बांगडी चढवली. पाण्यात तीही पांढरी झाली.

मी हात हिसकावून घेतला.

"आप्पा, पाहुण्यांना आजच सांगावा धाडा. मी हे लग्न करणार न्हाई."