दाराबाहेरची पाटी

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आमच्या मुलाने, सुयशने, आम्हा दोघांना इंग्लंडमधल्या यॉर्कला पाठवलं. जुन्या दगडी इमारतीतलं, मोजक्या खोल्यांचं, महागडं हॉटेल होतं. आखातात, अल मजाजला, आम्ही सगळे एकत्र राहतो त्या फ्लॅटवर परतलो, तेव्हा तो आमच्या खोलीत बसून फोटो पाहू लागला. सगळे एकाच खिडकीतून काढलेले.

"बाबा, तटबंदी कुठंय? कॅथीड्रल? आयुष्यभर त्या गावाबद्दल वाचत आलात ना?"

"पाऊस होता," मी पुटपुटलो.

"फोटोत तर ऊन दिसतंय." त्याचा चेहरा उतरला. "हॉटेल आवडलं नाही का तुम्हाला? खरं सांगा."

मी चष्मा पुसायला घेतला. उत्तर दिलं ते माझ्या बायकोने, विभावरीने.

"अरे, फार आवडलं! दाराबाहेर 'त्रास देऊ नये'ची पाटी लटकवली, की खरंच कोणी येत नाही रे. तीन दिवस ह्यांनी पुस्तकसुद्धा उघडलं नाही."

माझे कान तापले. तेवढ्यात नात दार ढकलून आत आली. "आजी, व्हेअर इज माय चार्जर?"

आमच्याकडे दारावर टकटक करायची पद्धतच नाही. नात आमच्याच खोलीत झोपते, आणि विभावरी रोज सकाळी चहा घेऊन थेट मुलासुनेच्या खोलीत शिरते.

सून मैथिली दाराशी उभी राहून ऐकत होती. नात चार्जर घेऊन गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, ती पाटी येताना आणलीत का हो? आमच्या दाराला हवी होती."