वयात शंभर

डॉक्टरीणबाईंनी बेशुद्ध दत्ताराम शेट्यांच्या मनगटातल्या यंत्राची नोंद वाचली आणि त्यांच्या मुलीला, हेमलताला, जवळ बोलावलं.

"यंत्र बिघडलेलं नाही. लावून दिलेल्या आकड्यावर रक्तदाब धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. यांचा आकडा एकशे शहात्तर आहे. मागच्या वर्षी एकशे पंचाहत्तर होता. त्या दाबानेच मेंदूतली रक्तवाहिनी फुटली."

"बाबांनीच लावला असणार," हेमलता म्हणाली. "चाळीस वर्षं कंपाउंडर होते. वयात शंभर मिळवायचे, की झाला रक्तदाब. लहानपणी आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे."

"तो हिशेब तेव्हाही चुकीचाच होता. माणूस चाळिशीचा असो की ऐंशीचा, वरचा आकडा एकशे तीसच्या आत बरा. पण यंत्राने अडवलं कसं नाही?"

"त्यांच्याकडे आकडा बदलायची किल्ली आहे. सगळ्या गावाच्या यंत्रांचे आकडे तेच लावतात."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात ओढून उलटा केला. हेमलताला एकोणपन्नासावं चालू होतं. तिच्या यंत्राचा आकडा एकशे एकोणपन्नास होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारच्या भागीरथीकाकू होत्या.

"हेमा, कंपाउंडर घरी कधी येतायत गं? आज मला ब्याऐंशी लागलं. एक वाढवून घ्यायचाय. दारात अजून दोघं बसलेत, त्यांचेही वाढदिवस आहेत."