पंख्याखालची पाखरं

“असले पुस्तकी प्रश्न नकोत. माणूस विचारतो तसा विचार,” काका म्हणाले. काका म्हणजे भिंगचे टीम लीड. केस अकाली पिकले म्हणून सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. तिला सगळे भिंग म्हणायचे, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

कंपनी कानाची मशिनं बनवायची. गिऱ्हाइकाची तक्रार आली की संगणकावर तिची नोंद, म्हणजे तिकीट, व्हायचं. कुणीतरी तपासून ते बंद करायचं. अशी तिकिटं वर्षानुवर्षं साचली होती, आणि शब्दाला शब्द जुळला तरच सापडायची. भिंगनं आता शोधायचं नवं साधन लिहिलं होतं. ते माणसांनी नाही, एआय एजंटनं वापरायचं. एजंटला प्रश्न विचारायचा. तो त्या गाळात उतरून शब्द नव्हे, अर्थ शोधून आणणार. आज पहिली चाचणी होती.

तिला प्रश्नच सुचेना. डोक्यात सकाळपासून दादा बोलत होता. “संध्याकाळी पाचला वेळ मिळालीय. मनाचे डॉक्टर आहेत. आईला आता एकटं ठेवून चालणार नाही. घराला कुलूप लावू, मी माझ्याकडे नेतो तिला.”

आईला बंद खोलीत पाखरं ऐकू यायची. दुपारी पलंगावर पडून, डोळे मिटून ती ऐकत राहायची, मधूनच हसायची. पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा भिंगनं खिडकी उघडून पाहिलं होतं. बाहेर नुसतं ऊन. झाडसुद्धा नाही. मग तिनं आईचं कानातलं मशीन कंपनीत आणून तपासलं. निर्दोष निघालं. म्हणजे दोष आईत होता. हे तिनं कधी मोठ्यानं म्हटलं नाही, पण दादाला ‘बरं’ म्हणून बसली होती.

तिनं टाइप केलं : दुपारी बंद खोलीत पाखरं ऐकू येतात.

पडद्यावर एक ठिपका लुकलुकत राहिला. टेबलावरचा उन्हाचा पट्टा हळूच तिच्या मनगटावर चढला. मग तिकिटं वर येऊ लागली, तळ्याच्या तळातून बुडबुडे यावेत तशी, एकेक. कुणी लिहिलं होतं, दूर कुणीतरी चमचे विसळतंय. कुणाच्या घरात ओढा वाहत होता. कुणाला काचेचे मणी फरशीवर सांडल्यासारखं वाटायचं. एका निवृत्त शिक्षकांच्या कानात रोज शाळा सुटायची. पाखरांचं नाव कुणीच काढलं नव्हतं. शेरा मात्र सगळ्यांवर एकच : तपासणीत पुन्हा घडलं नाही. बंद.

खाली एजंटनं लिहिलं होतं, “प्रत्येक तक्रारीत जवळपास काहीतरी संथ घरघरतं आहे. पंखा, फ्रिज, पंप. प्रत्येक तपासणी मात्र निःशब्द खोलीत झाली आहे.”

भिंग ताठ बसली. मशीन घरघर खोडून टाकायचं, ते कामच होतं त्याचं. पण खोडरबराचा चुरा मागे उरावा तसे आवाजाचे कण उरत असणार, आणि तेच किणकिणत असणार. निःशब्द खोलीत खोडायला होतं काय? ती खोली कंपनीचं भूषण होती. तिथं स्वतःच्या पापण्यांचा आवाज येतो, असं काका पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे.

“कोरड्या विहिरीत मासे शोधत होतो की गं आपण,” काका म्हणाले. “उघड तिकीट.”

तिनं उघडलं. ‘सगळ्यांत तातडीचं’ असा शिक्का मारला. काकांनी लगेच माणूस कामाला बसवला. उपाय अवघड नव्हता. रात्रीपर्यंत तो सगळ्यांच्या मशिनांत आपोआप पोचणार होता. तिनं पर्स उचलली आणि जिन्यातूनच दादाला फोन लावला.

“डॉक्टरांना नको म्हणून सांग. आई ठणठणीत आहे. वेडे आपण होतो.”

आईच्या घरी पडदे ओढलेले होते. खोलीभर पिवळसर, पाण्यातल्यासारखा उजेड. आई पलंगावर डोळे मिटून पडलेली, डोक्यावर पंखा संथ फिरत होता. भिंगनं बटण बंद केलं. पाती मंदावली, वेगवेगळी दिसू लागली, थांबली.

“उडवलीस ना?” आई डोळे न उघडताच म्हणाली.

“आई, ती पाखरं नव्हती गं. मशीनची चूक होती. पंख्याची घरघर आहे ना, ती…”

“माहितीये मला.”

“माहितीये?”

“पंखा बंद केला की जातात. मशीन काढलं तरी जातात. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे या घरात कोण घोकत फिरायचं?”

भिंग पलंगाच्या कडेला टेकली. आईचे कान गेले तेव्हा बारीक आवाज आधी गेले होते, आणि त्यातही सगळ्यांत आधी पाखरं. मशीननं माणसं परत आणली. पाखरं कधी आणली नाहीत.

“अगं, मग बोलायचं तरी! दादा घराला कुलूप लावायला निघाला होता. ते डॉक्टर…”

“दादाला मी गुंडाळला असता.” आई उठली, चपला न घालताच भिंतीपाशी गेली. तिनं पंखा पुन्हा चालू केला आणि मान किंचित कलती करून उभी राहिली. “डॉक्टरांनी काय, गोळ्या दिल्या असत्या. उशीखाली सारल्या असत्या मी. तुला सांगितलं असतं, तर तू दुरुस्त केलं असतंस.”