गार हात

दरीतल्या उपकेंद्रात सुनेला कळा येत होत्या आणि निवृत्त नर्स यमुनाबाई शेजारी नुसत्याच बसल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं वळत नव्हती. बाळ आडवं होतं, डॉक्टर घाटापलीकडे.

नव्या सिस्टरने हातांवर आपोआप हलणारे यंत्रमोजे चढवले. जुन्याजाणत्या नर्सच्या हातांची हालचाल टिपून ते घडवले होते. पोटाला लागण्याआधी मोज्यांनी सिस्टरचे तळवे एकमेकांवर चोळले.

"मोजे गरमच असतात, तरी दर वेळी हे करतात," सिस्टर म्हणाली. "कारण कुणालाच कळत नाही."

यमुनाबाई चमकल्या. हालचाल टिपायला त्यांच्याही बोटांना कधीकाळी तारा लावल्या होत्या. बाईला गार हात लागू नये म्हणून त्या आधी तळवे चोळायच्या.

बाळ हळूहळू फिरलं, डोकं खाली आलं.

यमुनाबाई ताठ बसल्या. "सूनबाई, घाबरू नकोस. तुझं बाळंतपण सासूच करतेय."