दोन सेकंदांचा मेसेज

गीता जाऊन महिना झाला, तेव्हा प्रबुद्धनं आपल्या बायकोचे दोनशे बारा व्हॉइस मेसेज एका यादीत भरले आणि एक छोटा कोड लिहिला. प्रत्येक मेसेजची लांबी मोजायची. लांब ते वर, आखूड ते खाली.

सगळ्यांत खाली दवाखान्यातला शेवटचा आला. दोन सेकंद. "अहो, ऐकायलात ना?" तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. ऐकला तो ती गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी कोड चालवला, तर तो मेसेज तळाशी नव्हता. लांबी अकरा सेकंद. त्यानं कोडची ओळ न् ओळ तपासली. बाकीचे सगळे जागच्या जागी होते. हाच एकटा रोज वर सरकत राहिला.

आज रविवारी दुपारी तो यादीच्या माथ्यावर होता. चाळीस मिनिटं. प्रबुद्धनं हेडफोन लावला. तिचे ते तीन शब्द, मग नुसता श्वास. श्वासामागं चिक्कडपल्लीच्या त्यांच्याच गल्लीतला भाजीवाला "टमाटालू, टमाटालू" ओरडत होता. लिफ्टचं दार आदळलं.

"प्रबुद्ध, भाकर गार व्हायली की रे," हेडफोनमध्ये आई म्हणाली.

त्यानं घाईनं हेडफोन काढला.

"प्रबुद्ध, भाकर गार व्हायली की रे," आता स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. "अहो, ऐकायलात ना?"

प्रबुद्धनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. गीताला एकदा ओ दिली, की ती वाट बघायची थांबेल आणि मेसेज तिथंच संपेल.